हळदीच्या पोत्यानं मोजलेला वारा

माझा धंदा हळद शिजवायचे कुकर बनवायचा आणि नाद गाडी पळवायचा. हिंगोलीत माझं वर्कशॉप आहे. हंगामाआधी तिथं कान किटतील एवढी ठोकाठोक चालते. हंगाम उलटला की मी माझ्या जुन्या पांढऱ्या गाडीच्या मागं लागतो. वर्षातून एकदा ती ट्रकवर चढवायची, दक्षिणेतल्या एका रेस ट्रॅकवर न्यायची, दिवसभर मनसोक्त पळवायची आणि घरी आणायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. लोक विचारतात, मग मिळतं काय? डोंबल मिळतं! मजा येते, बस.

गेल्या खेपेला तिथल्या सगळ्यांत वेगवान वळणावर गाडीचं मागचं बूड हलकं झालं आणि गाडी गरकन फिरून वाळूत गेली. मला साधं खरचटलंसुद्धा नाही. घरी आलो आणि चूप बसलो. चार महिन्यांनी एका दोस्तानं त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत बायकोच्या फोनवर आला. ती साखरा गावच्या शाळेत विज्ञान शिकवते. आवाज चढवायची तिला गरज पडत नाही.

"फिरली ते फिरली," ती म्हणाली, "पण चार महिने माझ्यासमोर बसून भाकर खाल्ली, अन् एक शब्द न्हाई?"

दोन दिवस अबोला झाला, मग तिनंच अट घातली. वेगात गाडीचं बूड खाली दाबून बसतंय हे तिला तिच्या डोळ्यांनी दाखवायचं. नाही जमलं तर गाडी विकायची. मी लगेच हो म्हणालो. त्या दिवशी मी कशालाही हो म्हणालो असतो.

इलाज मला ठाऊक होता. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. तोच उलटा करून डिकीवर बसवला की वारा गाडीला खाली दाबतो. त्यालाच आमच्या नादातले लोक विंग म्हणतात. आणि पत्र्याच्या कामात मी काय कुणाला हार जातो का? कुकरचाच पत्रा घेतला, दोन दिवसांत वाकवून, वेल्डिंग मारून अशी काही विंग केली की दारावरून जाणारे थांबून बघत होते.

मोजायचं कसं ते बायकोनं ठरवलं. मागच्या आसाला दोरी बांधली, डिकीच्या तळाला भोक पाडून वर घेतली आणि पुढच्या सीटपर्यंत आणून स्प्रिंगला ताणून ठेवली. दोरीवर लाल धाग्याची गाठ, गाठीशेजारी फूटपट्टी. बूड खाली गेलं की गाठ सरकणार. मग डिकीत हळदीचं एक पोतं ठेवून पाहिलं, तर गाठ एक बोट सरकली. अर्ध्या पोत्याला अर्धं बोट. म्हणजे वारा किती दाबतो ते आता पोत्यात सांगता येणार होतं. मला तर हे फारच आवडलं.

पोतं काढलं, विंग बसवली आणि आत डोकावलो. गाठ चांगली पाऊण बोट सरकलेली!

"बसली! बसली बघ!" मी ओरडलो.

"अहो, गाडी उभीच हाय ना अजून?" ती म्हणाली, आणि पोट धरून हसत सुटली. "वारा कुठून आला? हे तुमच्या पत्र्याचं वजन हाय!"

असा चिडलो म्हणता! तिच्यावर नाही, स्वतःवर. वजन मागं, तेही उंचावर, म्हणजे वळणात गाडी आणखीच फिरणार. पण काय करता, पातळ पत्रा वापरला की कुकर फुटतो हे हातात इतकं भिनलेलं की विंगेला कुकरचा पत्रा घेताना मनात शंकासुद्धा आली नाही. तिचं हसू थांबेना, तेव्हा मलाही हसू आलं. उरलासुरला अबोला तिथंच संपला.

पुढच्या रविवारी सकाळी दोन विंगा घेऊन कनेरगाव नाक्याकडं निघालो. एक बाजारातून आणलेली तयार प्लास्टिकची, दुसरी मी नव्यानं केलेली, हलक्या अॅल्युमिनियमची, रुंद. तिकडं रस्ता सरळ केल्यामुळं जुन्या रस्त्याचा एक लांबलचक तुकडा नुसता पडून आहे, दोन्ही तोंडांना मातीचे ढीग टाकून बंद केलेला. बाजूच्या शेतवाल्या काकांना आधीच विचारून ठेवलं होतं. त्यांनी रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलं होतं, ते भरून होईपर्यंत आम्ही पोती धरली.

"मॅडम, जयभीम," काका म्हणाले, आणि गाडीकडं बघत राहिले. "ह्या फळीवर काय वाळू घालून राहिले तुमी? पापड?"

"मास्तरीणबाईची परीक्षा हाय, काका," मी म्हणालो. "नापास झालो की गाडी जाते."

हेल्मेटं चढवली, पट्टे आवळले. बायको शेजारी, नजर फूटपट्टीवर. आधी विंगेशिवाय एक फेरी मारली. शंभराच्या वेगाला गाठ उलटीकडं सरकली. बूड चक्क वर उचलत होतं! तिनं दाराचं हँडल धरलेलं मी पाहिलं. मग बाजारातली लावली, विंगेचं वजन मोजलं जाऊ नये म्हणून गाडी उभी असतानाच फूटपट्टी गाठीशी पुन्हा शून्यावर जुळवली आणि तेवढ्याच वेगानं पळवली. गाठ कशीबशी जागेवर आली. शोभेची वस्तू, दुसरं काय. मग माझी लावली, थोडी तिरपी करून, फूटपट्टी तशीच जुळवून. गाठ पाव बोट सरकली, दाबाच्या बाजूला! विंगेच्या खांबांना एकावर एक भोकं होती. जसजसं वरचं भोक घ्यावं तसतसा तिरपेपणा वाढायचा आणि गाठ आणखी सरकायची. शेवटच्या भोकाला पाऊण बोटाच्याही पुढं गेली.

"जवळजवळ अख्खं पोतं!" ती टाळी वाजवून म्हणाली. "अहो, पास झाले तुमी!"

पण त्याच फेरीत मला दुसरंच काही जाणवलं होतं. स्टिअरिंग हातात लोण्यासारखं झालं होतं. बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की जू वर उचलतं, गाडी उलाळ होते म्हणतात ना, तसं माझ्या गाडीचं झालं होतं. मागचं बसलं होतं आणि पुढचं उचललं होतं. हे तिच्या फूटपट्टीवर कुठंच दिसणार नव्हतं. ती एवढी खुश होती. गाडी वाचली होती. गप्प बसलो असतो तर विषय मिटला असता, आणि खरं सांगतो, मिनिटभर मी गप्प बसलोही.

मग गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि म्हणालो, "पास न्हाई. स्टिअरिंग हलकं लागून राहिलं. असं ट्रॅकवर नेलं तर वळणात गाडी वळणारच न्हाई."

तिनं फूटपट्टीवरून नजर उचलली. मला वाटलं, गेली गाडी. एवढी मेहनत करून स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

"मग काय करावं लागंल?" तिनं विचारलं.

"खालचं भोक घ्यावं लागंल. दाब कमी होईल. अर्धं पोतं, फार तर."

तिनं डिकीतून पाना काढून माझ्या हातात दिला. विंग दोन भोकं खाली घेतली, पुन्हा फेरी मारली. स्टिअरिंग भरीव, जसं हवं तसं. गाठ अर्ध्या बोटावर. तिनं फूटपट्टी दोनदा पाहिली, दोरी सोडली आणि गुंडाळायला लागली.

"मोजायचं न्हाई का आणखी?" मी विचारलं.

"न्हाई. आता गाडी कशी हाय ते तुमी सांगायचं," ती म्हणाली. "अन् मी ऐकीन."