पोळ्याचं ताट

मी शाळेत इतिहास शिकवायचो. रोमचा धडा माझ्या आवडीचा. त्यात मी पुस्तकाबाहेरचं एक सांगायचो: वर्षातून एकदा, थंडीतल्या एका सणाला, रोममधले मालक आपल्या गुलामांना स्वतः जेवायला वाढत. त्या दिवशी गुलामाने मालकाची थट्टा केलेली चालायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, मग त्याच दिवशी पळून का नाही जायचे?"

"पोट भरल्यावर कोण पळतंय?" मी म्हणालो. वर्ग हसला.

त्याच पावसाळ्यात आमच्या सालगड्याने माझ्या बायकोला सांगून ठेवलं होतं, पाडव्याला साल संपलं की मानवतला कापसाच्या जिनिंगवर जाणार. त्याच्या मेव्हण्याने तिथे काम बघितलं होतं. नोकरी सांभाळून शेती करणं मला त्याच्याशिवाय जमणारं नव्हतं.

पोळ्याला आमच्याकडे गड्याला नवे कपडे द्यायचे, ओट्यावर जेवू घालायचं. वाढायच्या बायका. त्या वर्षी मी त्याला आत नेलं, पाटावर बसवलं आणि सगळ्या भावकीसमोर माझ्या हाताने पुरणपोळी वाढली, वर तूप सोडलं.

"मालक, हे काय करायलात!" तो अर्धवट उठला.

"बस खाली. घरचा आहेस तू."

"मास्तरनं पक्का बांधला की ह्याला," चुलते म्हणाले. "आता कुठला जातोय!" सगळे हसले. तोही हसला. पाडव्याला मानवतचं नाव न काढता तो कामावर आला.

मास्तर गड्याला स्वतः वाढतो, असं माझं गावात नाव झालं. मग दर पोळ्याला तेच. चुकवायची सोय त्यालाही नव्हती आणि मलाही. आता गावाला त्यासाठी माझा सत्कार करायचा आहे. भाषण म्हणून मी हेच वाचणार आहे.

बायको वारली, मुलं पुण्याला. यंदा पोळ्याला आम्ही दोघंच होतो. ताट वाढून मी म्हणालो, "तू जाणार होतास, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच वाढलं होतं मी."

त्याने पोळीचा तुकडा मोडला. "मला बी कळलं होतं, मालक."

"मग गेला का नाहीस?"

"समदे बघायलते. तुमी वाढल्यालं ताट. कसं उठावं?"

जेवण झालं. ताट मी उचलू लागलो, तर त्याने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि धुवायला मोरीकडे गेला.