सेफ्टीची दीडपट

आमच्या टोळीत पायची किंमत तीन होती. पुढचं पॉइंट चौदा वगैरे पुण्याच्या लोकांसाठी. गुरुत्वाकर्षण दहा धरायचं, कारण दहाने गुणायला सोपं. पायचा वर्गही दहाच धरायचा, आणि तीनचा वर्ग नऊ होतो असं कुणी काढलं की चहाचे पैसे त्याच्याकडून. फोनवर कुणी "पाच मिनटात निघालोच" म्हटलं की त्या मिनिटांना आधी पायने गुणायचं, आणि माणूस अकोल्याचा असला तर पायच्या वर्गाने. हा आमचा वऱ्हाडी स्थिरांक. तो कधी चुकला नाही.

टोळी म्हणजे आम्ही तिघं, अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजातले दोन जुने वर्गबंधू आणि मी. एकाची अकोल्याच्या एमआयडीसीत शेड आहे. तो गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो. दुसरा तिथल्याच पॉलिटेक्निकात शिकवतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. मी नांदगाव पेठच्या एका कापडाच्या युनिटात मेंटेनन्सला. दर रविवारी शेडमध्ये जमून आम्ही लोखंडी पाइपांची, मोटरसायकलच्या जुन्या इंजिनाची एक बग्गी बनवत होतो. सुगी संपली की अकोल्याबाहेरच्या एका सपाट मैदानात हौशी लोकांची शर्यत होते, तिच्यासाठी. चालवणार मी, कारण तिघांत सगळ्यात हलकी मी. "यात तुह्यावर उपकार नाहीत, हे गणित आहे," असं मास्तरने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

पण खरा विनोद वेगळाच होता, आणि तो आमच्या कंपनीत सगळ्यांना पाठ होता. या रेसर बाईंना वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी रोज सकाळी वडील कामावर सोडायला यायचे. आमची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंतीची. बाबा पहाटे बाजारात माल टाकून परत यायचे आणि मला मोटरसायकलवर मागे बसवून नांदगाव पेठच्या गेटपर्यंत आणायचे. रविवारी बडनेऱ्याला गाडीत बसवून द्यायचे आणि डबा हलेपर्यंत फलाटावर उभे राहायचे. फोनसुद्धा मी ठेवेपर्यंत ते ठेवायचे नाहीत. अकोल्याला मास्तर उतरवून घ्यायला हजर. पार्सलची इतकी काळजी कुणी घेत नसेल. चिडायची मला चोरी होती, कारण यात वाईट कुणाच्याच मनात नव्हतं. बाबांनी मला कधी "नाही" म्हटल्याचं आठवत नाही.

त्या हिवाळ्यात मला चाकणहून नोकरीचं पत्र आलं. नव्या गाड्या ट्रॅकवर पळवून त्यांची तपासणी करायची, असं काम. असं काम जगात असतं आणि त्याचा पगार मिळतो, हेच मला खरं वाटत नव्हतं. महिनाअखेरपर्यंत उत्तर द्यायचं होतं. घरी सांगितलं तर नेहमीप्रमाणे कुणीच नाही म्हटलं नाही. बाबा म्हणाले, "जाय ना. फक्त दर शनिवारी घरी येत जाजो." आई म्हणाली, पिंपरीला मावशी आहे तिच्याकडेच राहा, आणि संध्याकाळी सातच्या आत घरात. भाऊ म्हणाला, पहिलं वर्षभर मी येतो सोबत, तिकडं काहीतरी पाहतो माझ्यासाठी. शनिवारी चाकणहून अमरावतीला यायचं म्हटलं तर अर्धा जन्म रेल्वेतच जाईल, हे मी पायच्या हिशेबानेही दाखवून दिलं. "पाहू ना," बाबा म्हणाले. आमच्याकडे "पाहू" या शब्दात बऱ्याच गोष्टी बसतात आणि मग तिथेच राहतात.

शर्यतीच्या दिवशी बाबा पहिल्यांदाच मैदानावर आले. अकोल्याच्या व्यापाऱ्याकडे शेवंती टाकायची होती, म्हणून मालाची छोटी गाडी घेऊनच आले, आणि मग पांढऱ्या टोपीत, हात मागे बांधून दोरीपलीकडे उभे राहिले. आजूबाजूला पोरं इंजिनं घुमवत होती. बाबांनी बग्गीभोवती एक चक्कर मारली, पाइप हलवून पाहिला आणि "मजबूत दिसते," म्हणाले. शेडवाल्याची छाती दुप्पट झाली.

शर्यतीआधी एक चाचणी असते. चालवणाऱ्याने पट्टे बांधून, हेल्मेट घालून बसायचं, आणि शिट्टी वाजली की पाच सेकंदांत स्वतःच्या स्वतः बाहेर यायचं. बग्गी उलटली, पेटली, तर जीव वाचावा म्हणून. कुणी हात लावायचा नाही. लावला तर गाडी बाद.

शिट्टी वाजली. पट्टे सुटले, खटक्याने निघणारं स्टिअरिंग काढून मी बाजूला टाकलं, आणि उठायला गेले तर उठताच येईना. उजवा गुडघा पाइपाखाली अडकलेला, खांदा बाजूच्या दांड्याला. डावीकडून पाहिलं, तिकडेही तेच. पाच सेकंद केव्हाच गेले. मी जोर केला तसा हेल्मेटचा वरच्या पाइपावर ठक्क आवाज झाला, आणि तेवढ्यात बाबा दोरी ओलांडून धावत आले.

"बाबा, हात नोका लावू!" मी आतून ओरडले.

ते थांबले. दोन्ही हात पुढे केलेले, माझ्यापासून वीतभर अंतरावर, आणि तसेच राहिले. चाचणी घेणारा माणूस घड्याळाकडे पाहत म्हणाला, "काका, बाजूला व्हा." मला आगीची भीती वाटत नव्हती, आग कुठे नव्हतीच. मला वाटलं, आता मी इथेच राहणार. सगळे माझ्याकडे मायेने पाहत राहतील आणि मी या पाइपांत अशीच म्हातारी होईन. मला रडू आलं, आणि हेल्मेटच्या आत डोळे पुसता येत नाहीत.

शेवटी अंग वेडंवाकडं करत कशीबशी बाहेर आले. दुपारी आणखी एक संधी देतो, असं त्या माणसाने सांगितलं. मास्तरने टेप काढला. ड्रॉइंगपेक्षा आतली जागा चांगली चार बोटं कमी भरली.

"अबे, ड्रॉइंग तं बराबर होतं," मास्तर म्हणाला.

शेडवाला खाली बघायला लागला. मग म्हणाला, "ही आत बसनार म्हनून मी जाड पाइप घेतला बावा. अन् बाजूनं एक दांडा जास्तीचा टाकला. तू नुस्तं पुस्तकातलं काढतं, म्हनून म्हटलं आपली दीडपट सेफ्टी असू द्या."

"अन् मले माहीत होतं का तू भंगारातला पाइप लावशीन," मास्तर म्हणाला, "म्हनून मी पुस्तकाच्या वर आधीच दीडपट धरली होती."

दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं. ग्राइंडर आला, ठिणग्या उडाल्या, जास्तीचा दांडा कापला गेला, मास्तरने ड्रॉइंगातच जास्तीच्या काढलेल्या दोन पट्ट्या निघाल्या. बाबा सावलीत उभे राहून प्रत्येक कापाकडे पाहत होते. मी पुन्हा बसून पाहिलं. खांदा सुटला, गुडघा मात्र अजून अडकतच होता. मग मलाच आठवलं. सरावात एकदा गुडघ्याला लागलं होतं, तेव्हापासून मी दोन्ही बाजूंना फोमचे जास्तीचे थर चिकटवत गेले होते. हे दोघं जेवायला गेले की गुपचूप. त्या दोघांना काय म्हणणार, मी तोंड बंद करून फोम ओरबाडायला बसले.

मास्तर मात्र आनंदला. "दीड गुणिले दीड गुणिले दीड," तो म्हणाला, "तीन पॉइंट तीन-सात-पाच. म्हंजे आपल्या हिशोबानं पायच की बे!" आम्ही तिघंही मैदानात बसून पोट धरून हसलो. बाबांना गणित कळलं नाही, पण ते हसले नाहीत त्याचं कारण वेगळं असावं.

दुसऱ्या वेळी मी वेळेत बाहेर आले. शर्यतीत चेन उतरली आणि आमचा नंबर शेवटून दुसरा आला. त्याचं दुःख कुणालाच झालं नाही.

परतताना मालाच्या गाडीत बाबा आणि मी दोघंच. रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले, "तू जाय तिकडं. मावशीकडं नोको राहू, शनिवारी नोको येऊ. तुह्या आईले मी सांगतो." मी त्यांच्याकडे पाहिलं. इतका आनंद मला कधीच झाला नव्हता. तो बडनेऱ्यापर्यंत टिकला.

बडनेऱ्याच्या पुढे माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आईचे गुडघे दुखतात. युनिटात नवे माग येणार आहेत, ते बसवायला मी लागेन. चाकणचं भाडं. तिथे सगळे पुरुषच असतील. उन्हाळा होऊन जाऊ दे, मग पुन्हा विचारतील. एकही गोष्ट खोटी नव्हती. प्रत्येकीला मी दीडने गुणत होते आणि मला ते कळतही होतं. महिनाअखेर एका साध्या कामाच्या दिवशी आली. मी डबा खाल्ला, एका मोटरची बेअरिंग बदलली आणि घरी आले. उत्तर पाठवलं नाही.

"काय कळवलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही कळवलं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त मान हलवली आणि झेंडूच्या वाफ्यात गेले. पुढच्या रविवारी सकाळी मोटरसायकलची किल्ली त्यांनी माझ्यासमोर ठेवली. "एकटीच जाय अकोल्याले. मी स्टेशनावर येत नाही."

मी गेले. हायवेवर ट्रकांच्या मधून, अंगावर वारा घेत, हवा तेवढा वेग धरून. मागे कुणी नाही, पुढे कुणी नाही. एवढी वर्षं हेच तर हवं होतं. मूर्तिजापूर आलं तशी मी गाडी कडेला घेतली, हेल्मेट काढलं आणि बाबांना फोन लावला.

"पोचली?"

"नाही. मूर्तिजापूर आलं."

"गाडी बंद पडली का वं?"

"नाही."

"मंग फोन काहून केला?"

"असाच," मी म्हणाले. मग त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. फोन त्यांनी आधी ठेवला.