बॉक्स नंबरमागचा माणूस

समोर बायोडाटा ठेवला की ते आधी त्यातल्या नावावर तळहात ठेवायचे. "नाव नंतर. आधी काम सांगा." आडनाव वाचलं की गाव दिसतं, जात दिसते, माणूस दिसायचा राहून जातो, असं त्यांचं म्हणणं.

ठाण्यात खोपटच्या एस.टी. डेपोजवळ, घड्याळांच्या दुकानावर त्यांची एक खोली होती. कारखान्यांना माणसं मिळवून द्यायची, हा धंदा. पाटीवर 'प्लेसमेंट कन्सल्टंट' लिहिलेलं, पण जिना चढून येणारे सगळे त्यांना काकाच म्हणायचे. आज तिथे झेरॉक्सचं दुकान आहे.

नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. मी ठाण्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात स्टोअरकीपर होतो. वय त्रेचाळीस, राहायला ठाकुर्ली, दोन मुली शाळेत. आजूबाजूचे कारखाने एकेक करून बंद पडत होते. तुमच्यापैकी ज्यांनी ते दिवस काढलेत, त्यांना ती धास्ती सांगायला नको. एका रविवारी पेपरात जाहिरात पाहून मी अर्ज टाकला. कंपनीचं नाव नव्हतं, नुसता बॉक्स नंबर. तीन गोदामं, चार हजारांवर सुटे भाग, दोन पाळ्या. वाटलं, हे तर आपण डोळे मिटून करू.

त्या बॉक्स नंबरचे अर्ज काकांकडे जायचे. आठ दिवसांनी शेजाऱ्यांच्या फोनवर त्यांचा निरोप आला. "शुक्रवारी या. एकटे या." आमच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी असायची. हे यांना कसं ठाऊक, हा विचार मला त्यांचा जिना चढताना आला.

मी आत गेल्यावर त्यांनी दार लावून घेतलं. माझा अर्ज टेबलावर होता.

"हा मी पुढे पाठवत नाही."

"का? वय जास्त आहे म्हणून?"

"पाणी प्या. मग जाहिरात पुन्हा वाचा. सावकाश."

मी वाचली. तीन गोदामं. आमचीही तीनच. चार हजारांवर भाग. आमच्या रजिस्टरात चार हजार एकशे बारा. दोन पाळ्या. मी माझ्याच जागेसाठी अर्ज केला होता.

"मी काही बोललेलो नाही," काका म्हणाले. घाम त्यांच्याही कपाळावर होता. आमचा कारखाना त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. "हा अर्ज तिथे पोचला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी. नवा माणूस देणं मी थोडं लांबवतो. तोवर तुमचं कुठेतरी बघू."

आमच्या साहेबांना मला का काढायचं होतं, ते आजही नक्की माहीत नाही.

पुढचे पाच शुक्रवार मी त्यांच्या बाकावर बसून काढले. सकाळी नऊला ते टपाल फोडायचे. मग कारखान्यांना फोन. साहेबलोकांशी बोलताना ते उठून उभे राहायचे. दुपारनंतर उमेदवार. कुणाची कॉलर सरळ कर, कुणाला खालून बूट पुसून यायला सांग. एकदा आंबिवलीचा एक फिटर आला.

"काका, मी गेलेलो ओ. वॉचमनने आत सोडलाच नाय."

"कुठल्या गेटला गेलास?"

"पुढच्या."

"मागच्या म्हटलेलं ना? पुढून मालक जातो. तू मालक आहेस?"

"अजून नाय."

काका इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. तेवढ्यात फोन वाजला आणि हसू जागच्या जागी थांबलं. आमच्या साहेबांचा फोन असला की ते माझ्याकडे बघायचे नाहीत.

तिकडे कारखान्यात साहेब नवी नवी माणसं गोदामात आणत होते. "यांना जरा फिरवून दाखवा." मी दाखवायचो. पहिल्याला औषधांपलीकडे काही माहीत नव्हतं. दुसरा शिडी चढेना. ही काकांची मुद्दाम केलेली निवड, हे मला कळत होतं. तिसऱ्याने मात्र रजिस्टर मागितलं, दोन रॅक मोजले आणि माझी चूक काढली. एकोणीस वर्षांतली पहिली.

"अहो, झालंय काय? रोज डबा तसाच परत आणताय," बायको म्हणाली.

"ॲसिडिटी."

शुक्रवारी काकांना त्या तिसऱ्याबद्दल विचारलं. "एक तरी बरा पाठवावाच लागला हो. साहेब भडकलेले. त्यालाही दोन मुलं आहेत. त्याला डोंबिवलीत लावतोय." आणि हळूच म्हणाले, "रात्री झोप लागत नाही मला."

सहाव्या आठवड्यात त्यांनी मला कल्याणपलीकडच्या एका लहान कारखान्यात लावून दिलं. पगार कमी, पण नेमणुकीचा कागद हातात. तो खिशात ठेवून, पेढे घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. राजीनामा अजून द्यायचा होता.

दार अर्धंच उघडलं. काकांचा चेहरा पांढराफटक. आतून आमच्या साहेबांचा आवाज आला, "कोण आहे?"

मी भिंतीला चिकटलो.

"उमेदवार आहे, साहेब," काका वळून न बघता म्हणाले, आणि माझ्यावर ओरडले, "जागा नाही सांगितलं ना? पुन्हा येऊ नका!" ओरडता ओरडताच त्यांनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातातून काढून पोटाशी धरला आणि दार लावलं.

मी पुन्हा गेलो नाही. त्यांना अडचण नको म्हणून, असं मी घरी सांगत आलो. खरं तर भीतीने. त्या दिवशी जिना उतरताना वरून त्यांचा आवाज येत होता. माझ्या जागेवर माणूस मिळत नाही म्हणून ते साहेबांची माफी मागत होते.