मी रजेवर होते ते नऊ दिवस

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत होते. मी सॉफ्टवेअर सपोर्टमध्ये काम करणारी बाई. "मॅडम, मी काहीच केलं नाही, आपोआप झालं" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय आणि आपोआप झालेलं मला एकदाही सापडलेलं नाही. कुठेतरी कुणीतरी बटण दाबलेलं असतंच. लॉग उघडायचा, वेळ बघायची, माणूस सापडतो. भुताखेतांचं सांगणाऱ्या आत्या-मावश्यांची तर मी लहानपणापासून उलटतपासणी घ्यायचे. आता पाळी माझ्यावर आलीय. विश्वास ठेवा असा माझा आग्रह नाही, मला फक्त एकदा सगळं ओळीने लिहून काढायचंय.

मी अनघा. माहेर सांगलीचं. नवरा मंदार सरकारी बँकेत आहे, त्याची कोलकात्याला बदली झाली तेव्हा मीही माझ्या कंपनीकडून पुण्याहून सॉल्ट लेकच्या ऑफिसात बदली मागून घेतली. त्याला आता जवळजवळ चार वर्षं झाली. सेक्टर फाइव्हमध्ये आमची इमारत, आठवा मजला. मीटिंग रूम्सना इथल्या नद्यांची नावं दिलीत. पॅन्ट्रीला लागून आहे तिचं नाव तीस्ता. लहानशी खोली, सहा खुर्च्या, एक व्हाइटबोर्ड, काचेचं दार आणि त्या काचेला डोक्यापर्यंत दुधी फिल्म. आत कुणीतरी आहे एवढं कळतं, कोण ते कळत नाही.

काम काय, तर एका परदेशी विमा कंपनीचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळायचं. पुण्यात आठ वर्षं तेच, इथे तीन वर्षं तेच. शहर बदललं, चहा मातीच्या भांड्यातून यायला लागला, पण स्क्रीनवर तीच हिरवी-काळी अक्षरं. मला त्या कामाचा वीट आला होता. वीट हा शब्दसुद्धा कमी पडेल. सकाळी मेट्रोतून उतरले की पाय जड व्हायचे, अक्षरशः.

बरं, मग दुसरं काय करायचं? तर तेही माहीत नाही. वहीत यादी केली होती मी. शिकवणं, भाषांतर, एखादा कोर्स, घरगुती दिवाळी फराळ (हे वाचून मंदार इतका हसला की मी पानच फाडलं). एकेक करून सगळ्यावर काट मारली.

"मग सोड ना नोकरी," मंदार म्हणायचा.

"सोडून काय करू?"

"ते नंतर ठरव."

"तुला सोपंय बोलायला."

हा संवाद आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी व्हायचा. आमची इरा सात वर्षांची. इथल्या शाळेत जाऊन जाऊन तिचं मराठी बंगाली वळणाचं झालंय, स्त्रीलिंग-पुल्लिंग सगळं एकच. ती मधेच विचारायची, "आई, तू परत रागावला?" आणि विषय तिथेच थांबायचा.

इथल्या तिसऱ्या वर्षी आमचे मॅनेजर देबाशिषदा यांनी माझ्या हाताखाली एक मुलगी दिली. शर्मिष्ठा, सव्वीस-सत्तावीसची, अतिशय सिन्सिअर. मी तिला केटी द्यायची होती. केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. आमच्या धंद्यातली ही रीतच आहे... जुन्या माणसाने रोज तासभर नव्याला शिकवायचं, त्या दिवसाच्या तक्त्यावर दोघांनी सही करायची. आणि शेवटी रिव्हर्स केटी. म्हणजे नव्याने शिकलेलं सगळं जुन्या माणसासमोर स्वतः बोलून दाखवायचं. ते जमलं की केटी पूर्ण. सोमवारपासून रोज तीन वाजता, तीस्ता रूम, असं ठरलं.

आणि रविवारी सकाळी सांगलीहून आईचा फोन. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख अचानक अलीकडे आली होती. मी देबाशिषदांना मेसेज टाकला की केटी पुढे ढकला, मी कामाचे नऊ दिवस रजेवर. लॅपटॉप शुक्रवारीच ऑफिसच्या लॉकरमध्ये ठेवला होता, किल्ली माझ्या पर्समध्ये. विमान पकडलं आणि गेले. नऊ दिवस बाबांच्या डोळ्यांत थेंब घालणं एवढंच काम केलं. ऑफिसचा विचारसुद्धा केला नाही, आणि केला नाही म्हणून बरं वाटत होतं.

दुसऱ्या आठवड्याच्या शुक्रवारी परत ऑफिसला गेले. शर्मिष्ठा माझ्या डेस्कपाशी हसत आली.

"अनघादि, आज तीन बजे रिव्हर्स केटी है ना? मैं पूरा रेडी हूँ।"

मी म्हटलं, अगं, अजून केटीच कुठे झालीय? तिला वाटलं मी गंमत करतेय. मला वाटलं तिने जुन्या रेकॉर्डिंगवरून अभ्यास केलाय. पुण्यात असताना काही सेशन्स रेकॉर्ड केली होती आम्ही. म्हटलं चला, पोरगी मेहनती आहे, बघू तरी किती येतंय.

तीन वाजता तीस्तात बसलो. तिने व्हाइटबोर्डवर आकृती काढायला घेतली आणि बोलायला लागली. पहिली दहा मिनिटं मी खूश होते. मग ती म्हणाली की गुरुवारी येणारी फाइल अडकली तर लगेच पुन्हा चालवायची नाही, वीस मिनिटं थांबायचं, मग ती आपली आपण सुटते.

हे कुठेही लिहिलेलं नाही. मी हे स्वतः, चुकतमाकत शोधून काढलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मुद्दामच सांगितलं नव्हतं. एवढी एक गोष्ट आपल्याच हातात असावी असं वाटायचं.

मी विचारलं, "ये किसने बताया?"

"आपने! बुधवार को। आप बोले थे, ये किसी को मत बोलना।"

पुढे ती बोलतच राहिली. क्लायंटचा माणूस कॉलवर तापला की मी टेबलाखाली बोटं मोजते, सहापर्यंत, हेही तिला माहीत होतं. मग म्हणाली, पुण्यात पहिल्यांदा तुम्ही एकटीने मोठा एरर सोडवलात तेव्हा पार्किंगमध्ये धावत जाऊन बाबांना फोन केला होतात ना, ती गोष्ट मला फार आवडली.

ती गोष्ट मी विसरले होते. खरंच विसरले होते. तिने सांगितल्यावर मला ते पार्किंग आठवलं, ऊन आठवलं, बाबांना काही कळत नव्हतं तरी ते "शाब्बास, शाब्बास" म्हणत होते ते आठवलं. मला तेव्हा हे काम आवडायचं.

"आप कितना हँसते थे, दि," शर्मिष्ठा म्हणाली. "ऑफिस में कभी आपको ऐसे देखा नहीं था।"

मी तिची वही मागितली. निम्म्या आकृत्या तिच्या हातच्या, निम्म्या माझ्या. मी सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ देते, बाण काढताना टोक काळं भरते. सगळं तसंच. शेवटी सह्यांचा तक्ता, नऊ ओळी. नऊ वेळा शर्मिष्ठाची सही आणि नऊ वेळा माझी.

आता माझ्या पद्धतीने मी लॉग बघायला घेतला. गेटच्या नोंदींत त्या नऊ दिवसांत माझं कार्ड एकदाही नाही. लॉकर बंदच, लॅपटॉप आत, बॅटरी पूर्ण उतरलेली. पण माझ्या अकाउंटवरून रोज दुपारी दोन पंचावन्नला तीस्ता रूमचं बुकिंग झालेलं, नऊच्या नऊ दिवस. देबाशिषदांना हळूच विचारलं, मी रजेवर होते ना हो? ते म्हणाले, "हाँ, लेकिन केटी के लिए तो आती थी ना, मैंने दरवाज़े से आवाज़ सुनी। वेरी कमिटेड, अनघा!" आणि त्यांनी मला तिथेच सांगून टाकलं की या सगळ्यामुळे त्यांनी टीम लीडसाठी माझं नाव वर पाठवायचं ठरवलंय. पुढच्या शुक्रवारपर्यंत हो म्हण, म्हणाले.

म्हणजे जे काम मला नको होतं तेच, आणखी दहा वर्षं.

घरी मंदारला सांगितलं. तो म्हणाला, कुणीतरी तुझा पासवर्ड वापरलाय, सही काय कुणीही करेल. मी म्हटलं, आणि पार्किंग? तो उठून इराचं दप्तर भरायला लागला. मग मी सांगलीला फोन लावला. सहज विचारतेय असं दाखवून बाबांना म्हटलं, तीनचे थेंब मी वेळेवर घालत होते ना?

"थेंब घालायचीस गं," बाबा म्हणाले. "पण मग तशीच बसून राहायचीस खुर्चीत. हाक मारली तरी ओ द्यायची नाहीस. चारपर्यंत. तुझी आई म्हणाली, दमलीय पोरगी, बसू दे."

मला यातलं काहीही आठवत नाही. माझ्या आठवणीत मी थेंब घालून चहा टाकायला उठायचे.

पुढचा आठवडा मी ऑफिसात कशी वावरले ते माझं मला माहीत. तीन वाजायला आले की खाली उतरायचे आणि रस्त्यावर माणसांत उभी राहायचे, झालमुडीची, म्हणजे इथल्या भेळेची, पुडी हातात धरून. खायचे नाही. बुकिंग बघायचा धीर होत नव्हता.

शुक्रवारी मात्र मला देबाशिषदांना उत्तर द्यायचं होतं. रात्रभर मंदारशी बोलून मी हो म्हणायचं ठरवलं होतं. दुसरं काही सुचत नसताना हातचं का घालवा? भीती वाटते म्हणून नोकरी सोडली असं कुणाला सांगणार? तीनला पाच मिनिटं होती. देबाशिषदांच्या केबिनकडे जायचा रस्ता पॅन्ट्रीवरून जातो. शर्मिष्ठा तिच्या जागेवर होती, कानाला हेडफोन, मी तिच्या शेजारूनच गेले. तीस्ताच्या दाराबाहेरच्या छोट्या स्क्रीनवर बुकिंग होतं, माझ्या नावाचं.

आतून आवाज येत होता.

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकला की परका वाटतो म्हणतात. मला एका क्षणात कळला. ती कुणाला तरी समजावून सांगत होती, भराभर, मधेच अडखळून, पुन्हा हसून... शब्द नीट लागत नव्हते. दुधी काचेमागे एकच आकृती, बोर्डासमोर उभी. ऐकणारं कुणी दिसत नव्हतं.

मी दाराच्या मुठीला हात लावला. आतलं बोलणं थांबलं. ती आकृती वळली आणि दारापाशी आली, इतकी जवळ की काचेवर तिच्या श्वासाची वाफ दिसली. आणि मग हळू आवाजात, मराठीत (त्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणालाही मराठी येत नाही) ती म्हणाली, "इथलं मी बघते. तू जा."

रागाने नाही. बाळंतिणीपाशी थांबलेली बाई दुसरीला घरी पाठवते ना, तशा आवाजात. म्हणूनच मी जास्त घाबरले.

मूठ आतून घट्ट धरलेली होती. मी हात सोडला, पर्स घेतली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने आठ मजले उतरले. मेट्रोत बसून फोनवरून राजीनामा पाठवला. दोन ओळींचा.

नियमाने तीन महिने थांबावं लागलं असतं, पण केटी कागदोपत्री पूर्ण झालेली होती, सह्या होत्या. दोन आठवड्यांत मला मोकळं केलं. ते दिवस मी घरूनच काम केलं.

याला आता आठ महिने झाले. सोसायटीतल्या मुलांना गणित शिकवते सध्या. बरं चाललंय. पण हेच करायचं होतं का, ते मला अजूनही सांगता येणार नाही. ओळखीचे सगळे म्हणतात, काय धाडस केलंस, आम्हाला नाही बाई जमणार. मी हसून वेळ मारून नेते. धाडस कसलं, जीव मुठीत धरून पळाले मी.

मागच्या महिन्यात शर्मिष्ठाचा मेसेज आला, दुपारी चार वाजता. 'थँक यू अनघादि, आज का डाउट क्लिअर हो गया।' मी तिला कुठलाही डाउट क्लिअर केलेला नव्हता. तो मेसेज मी मंदारला दाखवला नाही. उत्तरही दिलं नाही. पुसावासाही वाटला नाही.

या सगळ्याचं स्पष्टीकरण माझ्यापाशी नाही. झोप, ताण, डॉक्टर, सगळं करून झालं. डॉक्टर म्हणाले तुम्ही ठणठणीत आहात. ज्यांना काही सुचत असेल त्यांनी जरूर कळवावं, फक्त पासवर्डचं सांगू नका.

भीती आता कमी झालीय. तिच्या जागी दुसरंच काहीतरी येऊन बसलंय, आणि ते मंदारलाही सांगता येत नाही. दारामागे जी कोणी होती ती त्याच कामात होती, त्याच जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि तिला मजा येत होती. नऊ दिवस बसून तिने शर्मिष्ठाला सगळं शिकवलं. ते आवडायचं कसं, एवढं एक मला विचारायचं होतं तिला. मी मूठ सोडली.