अर्धा शब्द मागून

फिलोमिनाबाईंमुळे मी या शहरात टिकले, हे आधी सांगते. त्या गेल्याचं मग. गेल्या महिन्यात उस्मानपुऱ्यातल्या आपल्या खोलीत दुपारी जेवून आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत... माझी शाळा सातवीत सुटली. लिहिण्यात चूकभूल झाली तर सांभाळून घ्यावं.

मी नगरकडची, प्रोटेस्टंट घरातली. नवरा वारल्यावर इथं कॅथलिक मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले. शहर तेव्हा औरंगाबादच होतं. फिलोमिनाबाई तिथल्या मुख्य स्वयंपाकीण. पहिल्याच दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, “तुमच्यात ना मेणबत्ती, ना प्रभूच्या आईची मूर्ती. देवाला सापडता तरी कशा गं तुम्ही?” मी हसले आणि पुढची भाकरी तव्यावर टाकली. हे काम सुटलं तर परत जायला घर नव्हतं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या रोझरीला, म्हणजे त्यांच्या माळेवरच्या प्रार्थनेला, फादर स्वतः आले. प्रभूची प्रार्थना त्यांच्यात जिथं संपते, तिथं आमची संपत नाही. देवाच्या राज्याची, गौरवाची एक ओळ आम्ही पुढं म्हणतो. डोळे मिटून सवयीनं मी म्हणत गेले, आणि सगळी खोली गप्प झाल्याचं ध्यानात आलं... थांबावं की संपवावं, कळेना. तेवढ्यात शेजारून जाड आवाज आला. बाईंना ती ओळ येतच नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत, अर्धा शब्द मागून, त्या म्हणत होत्या.

नंतर फादरांनी मला उभं केलं. इथं कुणाचं चालतं हे ठाऊक नसेल तर उद्यापासून येऊ नको, म्हणाले. बाई पदराला हात पुसत पुढं झाल्या. “नव्या बाईला एकटी कशी सोडू, फादर? आन् गौरवच केला देवाचा, शिवी तर नाय दिली.” फादरांनी हातातली माळ खिशात ठेवली. मग म्हणाले, जेवायला वाढा.

ही गोष्ट आमच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांच्या कानावर गेली. आपल्या भगिनीनं तिकडं जाऊन आपल्या विश्वासाची साक्ष दिली, असं त्यांनी भर उपासनेत छाती फुगवून सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या रविवारी बाई आमच्या चर्चच्या फाटकाशी हजर. “साक्ष कशाची, पाळकसाहेब? सवयीनं बोलली आन् लई भ्याली बिचारी.” त्यांनी आत बोलावलं, तर बाई आल्या नाहीत. मूर्तीबिगर करमत नाही, म्हणाल्या. ताठा त्यांनाही होताच.

पुढं कितीतरी वर्षं आम्ही एका चुलीवर सुखात काढली. आजही त्या ओळीशी आले की मी जरा हळू होते...

बाई, तुमचं फेडायचं राहिलंय. आमच्या उपासनेत कधी एखादी कॅथलिक बाई येऊन बसली, आणि सगळे पुढं म्हणत असताना मध्येच थांबली, तर मीही तिच्याबरोबर थांबेन. पाळकसाहेब बघत असले तरी.