समुद्रावरून आलेलं स्टेशन

शाळेतून निवृत्त झाल्यावर विज्ञान शिकवायला समोर वर्ग नसला तरी आपल्याला काही वाटणार नाही, अशी माझी समजूत होती. ती चार महिने टिकली. पाचव्या महिन्यात मी आमच्या ह्यांना पंख्याचा वेग कमी-जास्त कसा होतो ते समजावून सांगायला लागले. हे सगळी नोकरी टेलिफोन खात्यात केलेले. त्यांनी शांतपणे चपला घातल्या आणि कलमांना पाणी घालायला निघून गेले. आदल्याच दिवशी घातलं होतं.

त्याच आठवड्यात रत्नागिरीतल्या आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला थांबवलं. "बाई, जगात एवढे शोध लागतायत आणि आमच्याकडे लोक फक्त राशिभविष्याचं पान मागतात. तुम्ही दर शनिवारी येऊन नवं काय सापडलं ते सांगाल का?"

मी पिशवी खाली ठेवली आणि तिथल्या तिथे 'हो' म्हटलं.

महिन्याचे चार शनिवार म्हणून चार विषय ठरले: भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी, संदेशवहन आणि वैद्यक. पहिल्या शनिवारी सातजण आले. तिसऱ्या महिन्यात खुर्च्या कमी पडायला लागल्या. याचं श्रेय मला नाही, ऐकायला येणाऱ्यांना आहे. काँक्रीटमधल्या भेगा आपोआप बुजवणाऱ्या जिवाणूंबद्दल मी सांगितलं, तेव्हा एक बागायतदार उठून म्हणाले, "माझ्या गच्चीला हे जिवाणू लावायचे तर पावसाआधी लावायचे की नंतर?" बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन कसा मोजतात, बोटातून लाल प्रकाश आरपार कसा जातो, हे सांगितलं, तेव्हा निवृत्त झालेल्या एक नर्स कपाळावर हात मारून घेत म्हणाल्या, "अहो, हजारो बोटांना लावला असेल मी तो चिमटा. नखांचं पॉलिश पुसायला सांगायचे, पण का ते आज कळलं!" सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्या दिवसापासून त्या वही घेऊन पहिल्या रांगेत बसायला लागल्या.

मार्चमधला एक शनिवार संदेशवहनाचा होता. समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून प्रकाशाच्या रूपात आपली बोलणी कशी जातात, हे मी सांगितलं. त्या दिवशी मागच्या बाकावर एक नवीन गृहस्थ होते. साठीच्या आसपासचे, उन्हाने रापलेले, पांढराशुभ्र शर्ट घातलेले. मिरकरवाडा बंदराहून आलेले तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख. जाळं अडकतं त्या केबलीत असतं तरी काय, ते ऐकायला आलो, असं त्यांनी ग्रंथपालबाईंना सांगितलं होतं.

माझं बोलणं संपल्यावर ते उभे राहिले.

"बाई, तां केबलचा झाला. पन बिनकेबलचा गुजरात कसा येतो?"

"म्हणजे?"

"शिमग्यानंतर मतलई वारा सुटला की आमच्या बोटीवर रेडिओला गुजराती स्टेशन लागतां. एफेमवर. वायरलेसवर वेरावळकडचे खलाशी बोलतत ते पन ऐकू येतां, बाजूला उभं राहून बोलल्यासारखां. एरवी नाय."

तीस वर्षं शिकवल्याचा एक तोटा असा की प्रश्न संपायच्या आत तोंडातून उत्तर बाहेर पडतं. मी खडू उचलला, पृथ्वीचा गोल काढला, वर आयनांबराचा थर काढला आणि रेडिओच्या लहरी तिथवर जाऊन कशा परत फिरतात ते बाणांनी दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

तांडेल फळ्याकडे बघत राहिले. मग अगदी अदबीने म्हणाले, "असंल. पन मंग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, का नाय लागत तां? सडा तर आभाळाच्या जवळ."

सगळे हसले. मीही हसले. पण हा प्रश्न खरा आहे हे माझ्या लक्षात आलं होतं. "पुढच्या शनिवारी सांगते," म्हणून मी खडू खाली ठेवला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे ठामपणे म्हणाले, "तू सांगितलंस तेच बरोबर. सड्यावर त्यांचा रेडिओच बिघडला असेल."

ते ऐकून बरं वाटलं खरं, पण रात्री जेवताना एकदम आठवलं. एफएमच्या लहरी साधारणपणे आयनांबरातून परत फिरत नाहीत, आरपार निघून जातात. हे मला माहीत होतं! दहावीच्या मुलांना मी हे सांगितलेलं होतं. तरीही फळ्यावर बाण काढून मोकळी झाले होते.

पुढचे तीन दिवस मी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर बसून वाचत होते. ग्रंथपालबाई चहा आणून देत होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी मला हवं ते सापडलं आणि मी एवढ्या जोरात "अय्या!" म्हटलं की पेपर वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. उन्हाळ्यात जमिनीवरची तापलेली कोरडी हवा समुद्राकडे जाते आणि पाण्यालगतच्या गार, दमट हवेवर पसरते. या दोन थरांमुळे रेडिओची लहर नेहमीपेक्षा जास्त खाली वाकते. वर निसटून जायच्या ऐवजी ती पाण्यालगत अडकते आणि नळीतून पाणी जावं तशी शेकडो किलोमीटर पुढे जाते. ही नळी कधी कधी फार उंच नसते. म्हणजे वाळूवर आणि बोटीवर स्टेशन लागेल आणि वर सड्यावर लागणार नाही, असं होऊ शकतं.

मतलई वारे, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे वारे. वर्षानुवर्षं मुलांकडून घोकून घेतलेली व्याख्या. तांडेलांनी प्रश्नातच उत्तर दिलं होतं आणि मी ते ऐकलं नव्हतं.

शनिवारपर्यंत थांबवेना. मी रिक्षा करून मिरकरवाड्याच्या जेटीवर गेले. तांडेल बोटीत बर्फ भरून घेत होते. मला बघून घाबरेच झाले.

"बाई, तुमी हितं?"

"मी चुकीचं सांगितलं होतं," मी म्हटलं. "तुमचं बरोबर होतं. आभाळाचा काही संबंध नाही. सगळी करामत पाण्यालगतच्या हवेची आहे."

तिथेच बर्फाच्या पेटीवर बोटाने रेघा मारून मी त्यांना थर समजावले. बर्फ वाहणारे चौघे-पाचजण काम टाकून भोवती जमले. तांडेलांचा चेहरा हळूहळू असा उजळत गेला की माझ्या सगळ्या नोकरीत एवढा आनंद मी थोड्याच वेळा पाहिला असेल.

"म्हंजे वाऱ्याची वाट पन बनते," ते म्हणाले. "बघा, आमी म्हनायचाव, आज वारा गुजराती बोलतोय!" आणि लगेच म्हणाले, "चला, तुमाला ऐकवतो."

असं आमचं संशोधन सुरू झालं. ठरलं असं की तांडेल, सिस्टर आणि मी सकाळी सहाला भाट्याच्या किनाऱ्यावर रेडिओ घेऊन उभं राहायचं. पलीकडचा चढ चढून वर सड्यावर हे दुसरा रेडिओ घेऊन थांबणार. हे फक्त मला खोटं पाडायला तयार झाले होते.

पहिल्या दिवशी खरखर ऐकू आली. दुसऱ्या दिवशीही खरखर, आणि मध्येच आपल्याच केंद्रावरची भक्तिगीतं. वरून ह्यांचा फोन आला, "झालं का तुमचं? इथे मला डास फोडून काढतायत." तांडेल म्हणाले, "वारा पडला हाय. दोन दिस थांबा. मी सांगतो तवा या."

चौथ्या दिवशी पहाटे त्यांचा फोन आला. किनाऱ्यावर गेलो तेव्हा पाणी अगदी सपाट होतं आणि पाठीवर कोरडी हवा जाणवत होती. तांडेलांनी रेडिओची काडी पूर्ण बाहेर ओढली, बटण अगदी सावकाश फिरवलं. खरखर. पुन्हा खरखर. आणि मग, कुणीतरी दार उघडून आत यावं तसा, एका बाईचा स्वच्छ, हसरा आवाज आला. गुजराती!

सिस्टरांनी तोंडावर हात ठेवला. मी वाळूत चक्क उडी मारली. वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

"काय सांगत्येय ती?" मी विचारलं. सिस्टरांनी नोकरीची सुरुवातीची काही वर्षं सुरतेला काढली होती. त्या कान देऊन ऐकत म्हणाल्या, "छुंदा! कैरीचा छुंदा सांगत्येय. थांबा, थांबा, लिहून घेते." वही पिशवीत होतीच. कैरी किसायची, मीठ-हळद लावून ठेवायची, मग साखर... आणि नेमका तिथे आवाज लाटेसारखा खाली गेला. परत आला तेव्हा रेडिओवरची बाई बरणीचं तोंड फडक्याने बांधत होती.

"साखर किती ते राहिलं!" सिस्टर अक्षरशः समुद्राकडे बघून ओरडल्या.

मी ह्यांना फोन लावला. "तुमच्याकडे काय येतंय?"

"काही नाही. खरखर. मी म्हटलं नव्हतं?"

मी फोन रेडिओजवळ धरला. पलीकडून स्कूटरच्या किल्ल्या वाजल्या. मग हे म्हणाले, "हलू नका. मी आलो."

स्कूटर वरून एवढ्या वेगाने आली की तांडेल म्हणाले, "सायेब पडतील हो." हे स्कूटर रस्त्यावर लावून वाळूतून धावत आले, आपला रेडिओ घेऊन पार पाण्यात गेले आणि पँट घोट्यापर्यंत भिजलेली तशीच उभे राहिले. त्यांच्याही रेडिओवर तीच बाई बोलत होती. हे माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता काहीतरी खोड काढणार.

"आयुष्यभर तारा ओढल्या गं मी," ते म्हणाले. "खांबावर चढून, पावसात, जयगडपर्यंत. आणि हे बघ, काही नसताना आलंय!" त्यांचे डोळे चमकत होते. मग तांडेलांचा हात हातात घेऊन त्यांनी तो बराच वेळ हलवला.

स्टेशन आठ वाजेपर्यंत होतं. मग ऊन चढलं, वारा फिरला आणि आवाज विरत गेला. छुंद्यात साखर आम्ही अंदाजाने घातली. सिस्टरांचा पाकासारखा झाला, माझा आंबट. दोन्ही संपले.

कबूल केलेल्या शनिवारी मी सगळ्यांसमोर फळ्यावर माझे चुकीचे बाण परत काढले, पुसले आणि बरोबर आकृती काढली. त्यानंतर ग्रंथपालबाईंनी जाहीर केलं की पुढच्या खेपेला तांडेल बोलतील, विषय वारे. तांडेल "नाय, नाय" म्हणत जिन्यापर्यंत गेले होते. ह्यांनी त्यांना परत आणलं.

त्या दिवशी गर्दी एवढी झाली की बायका खिडक्यांच्या कट्ट्यांवर बसल्या. मिरकरवाड्याहून दोन रिक्षा भरून माणसं आली होती. मी पहिल्यांदाच समोरच्या खुर्चीत बसले होते. तांडेलांनी खडू उचलला, थोडा वेळ फळ्याकडे पाहिलं आणि किनारा काढायला सुरुवात केली. वेळणेश्वर, जयगड, रत्नागिरी. पण आम्हाला काही ओळखता येईना. त्यांनी समुद्र खाली काढला होता आणि जमीन वर, डोंगरांसकट, बोटीतून दिसते तशी. उत्तर डाव्या हाताला.

"नकाशा आडवा झालाय हो," मागून कुणीतरी म्हणालं.

"आडवा नाय," तांडेल शांतपणे म्हणाले. "तुमी जमिनीवर बसलाव म्हनून तसा वाटतां. जरा बोटीत या."

आणि मग सगळं वाचनालय, बागायतदार, सिस्टर, आमचे हे, ग्रंथपालबाई, माना तिरक्या करून, हसत हसत, त्या फळ्याकडे बघायला लागलं.