उन्हात ठेवलेला हिरवा रंग

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणते, हिच्या नाकावर माशी बसायची सोय नाही. दुसरी खोड अशी, की एखादा प्रश्न डोक्यात शिरला की तो सुटेपर्यंत मला घास जात नाही. त्या मे महिन्यात या दोन्ही खोडी एकदमच अंगाशी आल्या.

चिखलीच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवत होते आणि तिथंच पीएचडी करत होते. विषय पॉर्फिरिन. नाव ऐकून घाबरू नका. पानातला हिरवा रंग अन् रक्तातला लाल रंग, दोन्ही याच खानदानातले. चार लहान कड्या गोल जोडून झालेली एक मोठी कडी, एवढंच त्याचं रूप. बनवायचं तर पायरोल, म्हणजे त्यातली लहान कडी, आणि कडू बदामाच्या वासाचं बेंझाल्डिहाइड प्रोपिऑनिक आम्लात उकळायचं. त्या आम्लाचा वास असा, की एकदा एसटीत माझ्या शेजारची बाई उठून मागच्या सीटवर जाऊन बसली. अर्ध्या तासात भांड्यात काळंकुट्ट डांबर तयार होतं. पहिल्या वेळी मला वाटलं, गेलं, करपलं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "थांब जरा. उद्या पाहू." दुसऱ्या दिवशी गाळलं तर कागदावर जांभळे चमचमते स्फटिक. "बाप्पा!" मी वर्गातल्या पोरींसारखी ओरडलेच.

माझं खरं काम त्याच्या पुढचं होतं. अशी दोन पॉर्फिरिनं एका कडक पुलानं जोडायची, म्हणजे एकातले इलेक्ट्रॉन दुसऱ्यात सहज जातील. याला संयुग्मित रेणू म्हणतात. आमच्या लॅबच्या काकांना मी वावराच्या भाषेत सांगितलं होतं: दोन वावरांमधला धुरा, म्हणजे बांध, काढला की नांगराचं तास लांब होतं. इलेक्ट्रॉनला पळायला लांब जागा मिळाली की रेणू लाल टोकाकडचा उजेड गिळायला लागतो, आणि जांभळट द्रावण हिरवंगार दिसतं. काका म्हणाले, "म्हंजे रंग हा रस्त्याच्या लांबीवर हाय?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. हे वाक्य मला माझ्या प्रबंधात लिहायला चार पानं लागली होती.

हे काका म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. अकरा वर्षं हंगामी. दरवर्षी नवा आदेश निघायचा, तोवर जीव टांगणीला. विभागप्रमुखांच्या शिफारसपत्रावर त्यांना कायम करायचं, असं संस्थेनं त्या वर्षी कबूल केलं होतं. विभागप्रमुख म्हणजे माझेच सर, आणि ते मेअखेर निवृत्त होणार होते. पत्र टाईप होऊन त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली होतं. सही तेवढी बाकी होती.

माझा जोडरेणू तयार झाला तो त्याच महिन्यात. सहा महिन्यांच्या कामातून हाती आला चिमूटभर माल. त्याची रचना पक्की करायची मोजणी आमच्याकडे होत नव्हती, ती बाहेरच्या एका संस्थेत व्हायची. नंबर लागला होता, सोमवारी बाटली पाठवायची होती. शुक्रवारी सकाळी द्रावण रुंद तोंडाच्या बाटलीत होतं, त्यातला द्रावक उडवून माल कोरडा करायचा होता, अन् लाईट गेली. व्हॅक्यूम पंप बंद. अकरा वाजले, बारा वाजले, लाईटचा पत्ता नाही.

आमच्या कॉलेजची एक रीत होती. ओलं जे काही असेल त्याला गच्चीवर ऊन दाखवायचं. धुतलेली भांडी, गाळणकागद, पावसाळ्यात पाणी सुटलेले क्षार, सगळं. मे महिन्यातलं आमच्याकडचं ऊन म्हणजे फुकटची भट्टीच. काकांनी बाटलीकडे पाहून विचारलं, "मॅडम, याले ऊन दाखवू का?"

मी वह्या तपासत होते. म्हटलं, "हो, दाखवा. वरून कागद बांधा, धूळ जाईल."

हे मी म्हटलं. उजेड गिळणाऱ्या रेणूवर चार वर्षं घालवलेल्या बाईनं.

चार वाजता काका बाटली घेऊन आले. आत हिरवा रंग नव्हताच. पाणचट चहासारखं काहीतरी तळाशी होतं. माझं डोकं फिरलं. "काय केलं हे तुम्ही? सहा महिने गेले माझे! कळत नाही तर हात कशाला लावता?" मी अख्ख्या लॅबसमोर बोलले, आणि बोलता बोलता रडायला लागले. आवाज ऐकून सर आले.

"कोणी ठेवली ही उन्हात?"

काका म्हणाले, "म्याच ठेवली जी."

ते खोटं नव्हतं. ठेवली त्यांनीच होती. सरांनी एकदा बाटलीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "अकरा वर्षांत एवढं कळलं नाही? मग ते पत्र राहू द्या." आणि निघून गेले. मी मूग गिळून बसले. डोळे पुसत होते, तोंड पदराआड होतं, त्यामुळे गप्प बसायला निमित्तही होतं. मनात म्हटलं, सरांचा राग उतरेल, उद्या सांगू.

काका बाटली खिडकीशी धरून उभे होते. "पण मॅडम," ते म्हणाले, "रंग गेला कुठी?"

मी रडायची थांबले. खरंच, कुठं गेला? द्रावण तर होतंच, बाटली फुटली नव्हती, काही सांडलं नव्हतं. झालं, प्रश्न डोक्यात शिरला.

फ्रिजमध्ये आधीची भांडी विसळताना निघालेलं फिकट हिरवं द्रावण थोडं उरलं होतं. रचना ठरवायला ते अगदीच अपुरं होतं, पण या रेणूंचा रंग इतका जबर, की मिठाच्या खड्याएवढा माल ग्लासभर द्रावण रंगवतो. शनिवारी लाईट आली होती, आम्ही तीन छोट्या बाटल्या केल्या. एक चांदीच्या कागदात गुंडाळली. एक तशीच उघडी. तिसरीत नायट्रोजनचे बुडबुडे सोडून आतली हवा हाकलली आणि रबरी बूच घट्ट लावलं, त्यातलं थेंबभर काढायचं ते सुईनं. तिन्ही गच्चीवर. दर अर्ध्या तासानं काका थोडं थोडं खाली आणायचे, मी यंत्रावर त्याचा आलेख काढायची. उघड्या बाटलीतलं हिरवं डोळ्यांदेखत विटत गेलं. गुंडाळलेली जशीच्या तशी. आणि तिसरी? तीही उन्हात होती, तरी हिरवी होती.

"म्हंजे निस्त्या उन्हानं नाई," काका म्हणाले. "हवा बी पायजे."

बरोबर. रेणू उजेड गिळतो, तो ताप शेजारच्या ऑक्सिजनला देतो आणि तापलेला ऑक्सिजन उलटून त्यालाच चावतो. कडी तुटते, इलेक्ट्रॉनचा लांब रस्ता मोडतो आणि रंग संपतो. तो कुठं जात नाही. मला इतका आनंद झाला की मी जिन्यात टाळ्या पिटल्या. रविवारीही आम्ही तेच केलं, नव्या बाटल्या घेऊन, खात्री करायला. घरून आणलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा आम्ही गच्चीच्या सावलीत बसून खाल्ला. काका मला एकामागून एक विचारत होते, मी सांगत होते. पत्राचा विषय त्यांनी काढला नाही. मीही नाही. दोनदा ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात अर्धा तास भरला.

सोमवारी आलेख घेऊन मी सरांकडे गेले. सरांनी चष्मा वर करून पाहिलं. "हे छान आहे. स्वतंत्र प्रकरण होईल. कोणाला सुचलं?"

"काकांना," मी म्हटलं.

पत्र पेपरवेटखाली नव्हतं. ड्रॉवर अर्धवट उघडा होता, त्यात उलटं पडलेलं दिसलं.

"सर, बाटली उन्हात ठेवायला मी सांगितलं होतं. त्यांनी विचारलं होतं, मी हो म्हटलं. तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि मी बघत बसले."

सर म्हणाले, "शुक्रवारी का नाही बोललीस?" त्यांनी पत्र काढलं, सही केली आणि मला जायला सांगितलं.

काका बेसिनपाशी बाटल्या धूत होते. मी सांगितलं, सरांना सगळं बोलले, सही झाली. त्यांनी नळ बंद केला.

"बरं झालं," ते म्हणाले. "घरची शनिवारपासून म्हणून राह्यली होती, सरांले जाऊन सांगा, त्या पोरीपायी अकरा वर्षं काऊन घालवता? मी म्हटलं, थांब. दोन दिवस सोबत काम करून राह्यलो, खरं तिच्याच तोंडून येईन." मग हात पुसत म्हणाले, "आज नसतं आलं, तर उद्या म्या सांगतलंच असतं बरं का."

मी दोन दिवस त्या तीन बाटल्या बघत होते. काका दोन दिवस मला बघत होते.